ग्रुपवर कुणी कुणाबद्दल काहीही लिहिलं तर ॲडमिनने ते पुसावं का?

गोदाकाठ (धागाकर्ता), सोमवार रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहतो. आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट आहेत आणि व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन गेली तीन वर्षं मी आहे. पाणी कधी सुटणार, लिफ्ट का बंद, कुणाची गाडी कुणाच्या जागेत लागली, हे सगळं तिथे चालतं. माझा नियम एकच होता. कुणाचाही मेसेज पुसायचा नाही. घटनेनं प्रत्येकाला बोलायचा हक्क दिलाय, मी कोण अडवणारा?

दिवाळीच्या आधी एका वहिनींनी ग्रुपवर लिहिलं, 'माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या गेल्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनीच नेल्यात. सगळ्यांनी सावध राहा.' खाली मावशींचा फोटो. तो संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा होता. मावशी हसत होत्या, कपाळावरचं कुंकू ताजं होतं, आणि बाजूने वाण देणारा कुणाचा तरी हात मनगटापाशी कापला गेला होता. त्याच समारंभाचा फोटो कापून 'ही बघा चोर' म्हणून टाकला होता.

मी तो मेसेज लगेच पाहिला. पुसू का, असं मनात आलं. पुसला नाही. रात्रीतून तो शेजारच्या दोन सोसायट्यांत गेला. आठ दिवसांत मावशींची पाच घरं सुटली. पोलिसांत तक्रार कुणीच केली नव्हती. तीन आठवड्यांनी पाटल्या लग्नाच्या शालूच्या घडीत सापडल्या. वहिनींनी ग्रुपवर लिहिलं, 'सापडल्या.' एवढंच. तो मेसेज कुणी पुढे पाठवला नाही.

तेव्हापासून झोप नीट नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी पुसायला हवा होता का? आणि हवा होता, तर कोणत्या नियमाने? 'कुणाला दुखलं की पुसायचं' असा नियम केला, तर उद्या लिफ्टच्या खर्चाचा हिशोब मागणारा मेसेजही पुसावा लागेल. चेअरमनसाहेबांना तोही दुखतो.

रानजाई, सोमवार रात्री ९.३२

पुसायला हवा होता. त्याच मिनिटाला. यात विचार करण्यासारखं काय आहे?

सिडकोचा_बंडू, सोमवार रात्री ९.५०

रानजाईताई, मला नाही पटत. पुसून काय झालं असतं? वहिनींनी तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर टाकला असता आणि 'ॲडमिन चोराला पाठीशी घालतो' हेही वर लिहिलं असतं. गोदाकाठ यांचं चुकलं ते पुसलं नाही म्हणून नाही, गप्प बसले म्हणून. त्यांनी लगेच खाली लिहायला हवं होतं की 'वहिनी, पुरावा काय? पोलिसांत गेलात का?' ४८ घरांतल्या एकाने तरी हे विचारलं का?

आणि पुसायची सवय किती वाईट लागते हे आपण पाहिलंय. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी अटक झाली होती. एकीने बंदबद्दल मत लिहिलं आणि दुसरीने ते फक्त लाईक केलं. 'भावना दुखावल्या' हेच कारण होतं. एकदा दुखण्याला कायदा मानला की ज्याचा आवाज मोठा, त्याचंच दुखणं मोठं ठरतं.

रानजाई, सोमवार रात्री ९.५८

बंडू, 'एकाने तरी विचारलं का' हा प्रश्न बरोबर आहे. पण विचारलं असतं तरी मावशींना ते कळलं असतं का? त्या ग्रुपमध्ये होत्या का? गोदाकाठ, तेवढं सांगा.

गोदाकाठ, सोमवार रात्री १०.०४

नाही. ग्रुप फक्त फ्लॅटधारकांचा आहे. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावर दारातूनच 'उद्यापासून नको' म्हटलं, तेव्हा कळलं.

ओझरची_लेक, सोमवार रात्री १०.२०

सगळे त्या वहिनींना धारेवर धरणार म्हणून लिहिते. पाटल्या कुणाच्या? बहुतेक सासूच्या नाहीतर आईच्या असणार. माझ्या आईची बोरमाळ अशीच गेली होती, ती आजवर सापडली नाही. तेव्हा घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर आमचा संशय होता, अगदी माझ्या मामावरसुद्धा. तो राग खरा असतो. वहिनींनी खोटं बोलायचं म्हणून लिहिलं नाही, त्यांना खरंच तसं वाटलं. शेजाऱ्यांना सावध करावंसं वाटणं हा गुन्हा आहे का?

काळा_कोट, सोमवार रात्री ११.१०

मी सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. कायद्याच्या बाजूने जे स्वच्छ माहीत आहे ते लिहिते, कारण या विषयावर अर्धवट माहिती फार फिरते.

घटनेच्या कलम १९(१)(क) ने भाषणाचं स्वातंत्र्य दिलं आणि १९(२) ने त्यावर 'वाजवी निर्बंध' घालायची मुभा सरकारला दिली. 'वाजवी' हा शब्द सुरुवातीला नव्हता, तो १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आला. निर्बंधाची कारणं मोजून आठ आहेत: देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. 'भावना दुखावणे' हे शब्द या यादीत नाहीत, हे लक्षात ठेवा. धार्मिक भावनांचं जुनं कलम २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९, हेसुद्धा जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेल्या अपमानालाच लागतं. आणि न्यायालयाने १९५७ मध्ये ते टिकवलं ते सुव्यवस्थेच्या आधारावर. कुणाला वाईट वाटलं एवढ्याने ते लागत नाही.

बंडू यांनी सांगितलेलं पालघरचं प्रकरण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमाचं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते कलम रद्द केलं. त्या निकालातला फरक मला अजूनही उपयोगी वाटतो: एखाद्या गोष्टीची चर्चा करणं वेगळं, तिची बाजू हिरिरीने मांडणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. पहिली दोन कितीही बोचली तरी चालू द्यायची. तिसऱ्यापाशी कायदा सुरू होतो. त्याआधी १९८९ च्या एका निकालात न्यायालयाने म्हटलं होतं की बोलण्याचा आणि धोक्याचा संबंध दारूगोळ्याच्या कोठारात पडलेल्या ठिणगीइतका जवळचा हवा.

आता मावशींचं. इथे प्रश्न भावनेचा नाहीच, अब्रूचा आहे. अब्रुनुकसानी आठ कारणांत येते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानीचं कलम वैध ठरवलं. आज ते न्याय संहितेचं ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड, आणि आता समाजसेवेची शिक्षाही त्यात आली आहे. ओझरच्या ताई, 'मला खरंच तसं वाटलं' हा बचाव कायद्यात आहे, पण वाटण्याआधी पुरेशी काळजी घेतली होती का, हे तिथे विचारलं जातं. कपाट नीट न उघडता फोटो टाकला, यात काळजी कुठे दिसते?

आणि गोदाकाठ, तुमच्यापुरतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा आधीपासून एकच बेत असेल तर वेगळं. कायद्याने तुम्ही मोकळे आहात. मात्र तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसताच येत नव्हता. २०२२ पासून पुसता येतो.

गोदाकाठ, सोमवार रात्री ११.२५

ताई, कायद्याने मोकळा आहे हे वाचून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

लासलगावचा_कांदा, मंगळवार सकाळी ६.४०

रामराम. पहाटे ट्रॅक्टर भरताना वाचला धागा.

आमच्याकडे भाव पडला की बोलणं ठरलेलं. 'व्यापाऱ्यांनी संगनमत केलं, शेतकऱ्याला मारलं.' चहाच्या टपरीवर बोलतो, बाजार समितीच्या गेटवर बोलतो, पेपरला पत्रं लिहितो. व्यापाऱ्यांना ते लागतं, त्यातले काही माझे नातेवाईक आहेत. लागू दे. हे बोलणं बंद केलं तर शेतकऱ्याकडे राहिलं काय?

पण काही वर्षांपूर्वी उन्हाळ कांद्याचा लिलाव बंद पडला होता. दोनशे-तीनशे माणसं, ऊन, सगळे सकाळपासून उपाशी. एक पुढारी ट्रॉलीवर चढला आणि माईकवर एका व्यापाऱ्याचं नाव घेऊन म्हणाला, 'चला त्याच्या खळ्यावर.' वाक्य जवळपास तेच, 'शेतकऱ्याला मारलं त्याने.' मी गर्दीत होतो. पायाखालची जमीन हलल्यासारखी गर्दी हलली. आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी माईकची वायर उपटली म्हणून वाचलं. त्या बाबांनी स्वातंत्र्य हिरावलं असं कुणी म्हणेल का?

निवृत्त_मास्तर, मंगळवार सकाळी ८.१५

लासलगावचे दादा, तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलं, तेच १८५९ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने जवळपास याच उदाहरणाने मांडलं होतं. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे छापायला कुणाचीही आडकाठी नसावी. पण तेच वाक्य व्यापाऱ्याच्या दारासमोर जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे उच्चारलं तर शिक्षा योग्य. शब्द तेच, जागा आणि वेळ वेगळी. मी हे वर्गात चाळीस वर्षं शिकवलं, पण माईकच्या वायरीइतकं चांगलं उदाहरण मला कधी सापडलं नाही.

मी पंचवटीत राहतो. दाबण्याचा दुसरा परिणामही आपल्याच गावाने पाहिलाय. १९०९ मध्ये भगूरच्या बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. कविता! त्याच वर्षी २१ डिसेंबरला कलेक्टर जॅक्सनचा विजयानंद नाट्यगृहात नाटकाला आला असता खून झाला. कविता दाबल्या म्हणून लोक शांत बसले नाहीत, उलट बोलायची वाट बंद झाल्यावर दुसरी वाट निघाली. म्हणून बंदीचं नाव काढलं की मी सावध होतो.

मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला भरते. तरुणपणी तिथे एका वक्त्याने माझ्या मनातल्या दैवताबद्दल असं काही बोललं की मी थरथरत होतो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, 'रागावता काय, चिठ्ठी लिहा.' मी पाठकोऱ्या तिकिटावर प्रश्न लिहून पुढे धाडला. वक्त्याने तो सगळ्यांसमोर वाचला आणि उत्तर दिलं. पटलं नाही मला, आजही पटत नाही. पण घरी जाताना मन हलकं होतं.

रानजाई, मंगळवार सकाळी ८.४०

मास्तर, तुमच्या चिठ्ठीतच सगळं आलं. तुम्हाला दुखलं, पण तुम्ही त्याच पटांगणावर होतात, त्याच लोकांसमोर उत्तर मागू शकलात. मावशींकडे चिठ्ठी पाठवायला पटांगणच नव्हतं.

येवल्याचा_वाचक, मंगळवार सकाळी १०.०५

मला या चर्चेत 'दुखावणं' हा शब्द जपून वापरावासा वाटतो, आणि त्याला कारण आमचं गाव आहे.

२ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब होते, दादासाहेब गायकवाड होते. मंदिराचे दरवाजे बंद केले गेले. रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली. दार उघडा, एवढंच मागणं होतं आणि त्या मागण्याने गावातल्या कितीतरी लोकांच्या भावना दुखावल्या. खऱ्याच दुखावल्या असतील, मी त्यांना खोटं म्हणत नाही. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्या वाक्याने देशभर किती जण दुखावले असतील! दुखावतं म्हणून ते वाक्य थांबवलं असतं तर?

माझे आजोबा त्या मैदानात होते. त्यांना पुढे लिहिता-वाचता आलं, पण तेव्हा येत नव्हतं. ते सांगायचे की भाषण ऐकून परत येताना लोक जोरात बोलत नव्हते, पण ताठ चालत होते. आमच्या घरात ती गोष्ट अशीच सांगितली जाते, ताठ चालण्याची.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. वरच्याला खालच्याचं बोलणं दुखतं आणि खालच्याला वरच्याचं बोलणं दुखतं, या दोन्हीला एकच तराजू लावू नका. जातीवरून चारचौघांत अपमान करणं हा १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. कारण त्या एका शब्दामागे गावाची विहीर, दार, पंगत, सगळं उभं असतं.

सिडकोचा_बंडू, मंगळवार सकाळी १०.३०

येवल्याचे दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझाच मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडलात आणि मग त्याच्यावर मला अवघड प्रश्नही घातलात. विचार करतो.

अंबड_पहिली_पाळी, मंगळवार दुपारी ३.५०

पाळी सुटल्यावर लिहितेय. रानजाईताईंशी मी निम्मी सहमत आहे, निम्मी नाही.

मी एमआयडीसीत एका कारखान्यात काम करते. कोणता ते सांगत नाही. तिथल्या एका सुपरवायझरचं वागणं बायकांशी वाईट होतं. नको तिथे हात, नको ते बोलणं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती लागते. आमच्याकडे ती भिंतीवरच्या कागदावर होती. तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते, ती मुदत आम्हाला कुणी सांगितली नाही. शेवटी मी बायकांच्या ग्रुपवर त्याचं नाव लिहिलं. काय करतो तेही लिहिलं, आणि संध्याकाळी स्टोअरकडे एकटीने जाऊ नका, असंही.

तिसऱ्या दिवशी मला त्याच्या वकिलाची नोटीस आली. अब्रुनुकसानी. काळा_कोट ताईंनी लिहिलेलंच कलम. मी पंधरा दिवस जेवले नाही नीट. नवरा म्हणाला, माफी माग आणि सोड. मी मागितली नाही, कारण लिहिलेलं एकूणएक खरं होतं. माझ्या मागे आणखी चार जणी उभ्या राहिल्या तेव्हा तो गेला.

आता सांगा. तो सुपरवायझर आमच्या ग्रुपमध्ये नव्हता. त्यालाही तिथे उत्तर देता येत नव्हतं. रानजाईताईंच्या नियमाने माझा मेसेज पुसला गेला असता. पुसला असता तर नंतर आलेल्या दोन पोरी स्टोअरकडे एकट्या गेल्या असत्या.

रानजाई, मंगळवार दुपारी ४.१५

ताई, माझं चुकलं. नुसतं 'ग्रुपमध्ये नव्हता' हे पुरत नाही. तुमच्या सुपरवायझरकडे वकील होता, ऑफिस होतं, मालकाचा कान होता. त्याला उत्तर द्यायला शंभर जागा होत्या आणि त्याने त्या वापरल्याही. मावशींकडे एकही नव्हती. आणि तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलंत, वहिनींनी कपाट न बघता लिहिलं.

काळा_कोट, मंगळवार सायंकाळी ६.००

अंबडच्या ताई, तुम्ही माफी मागितली नाहीत ते उत्तम केलंत. अब्रुनुकसानीच्या कलमाला अपवाद आहेत आणि त्यातला पहिलाच हा की गोष्ट खरी असेल आणि लोकहितासाठी सांगितली असेल तर गुन्हा होत नाही. पण मी हेही कबूल करते की हेच कलम खऱ्या बोलणाऱ्याला घाबरवायलाही वापरलं जातं. नोटीस पाठवायला फार खर्च येत नाही, तारखांना जायला येतो. रोजंदारी बुडवून कोर्टात उभी राहिलेली बाई मी दर आठवड्याला बघते.

पंचवटी_एक्सप्रेस, मंगळवार रात्री ८.३०

रोज गाडीत बसून धागे वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा. भिक्षा मागायला आलेली गोसावी समाजातली पाच माणसं जमावाने मारली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. त्याच दिवशी आपल्या मालेगावातही अशाच संशयावरून एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं, पोलिसांनी त्यांना वाचवलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

त्या आठवड्यात तो मुलं पळवण्याचा मेसेज माझ्याही फोनवर होता. मी तो बायकोला आणि बहिणीला पाठवला होता. काळजीपोटी. ओझरच्या ताई म्हणतात ती वहिनींची काळजी मला समजते, कारण माझीही तशीच होती. त्या पाच माणसांची बातमी वाचली आणि फोन हातातून खाली ठेवला. ते भिक्षेकरी कोणत्या ग्रुपमध्ये होते? 'आम्ही टोळी नाही' हे ते कुठे लिहिणार होते?

बंडू म्हणतो बोलण्याला बोलण्यानेच उत्तर द्यावं. द्यावं, पण उत्तर पोहोचायला वेळ लागतो आणि काठीला लागत नाही.

सिडकोचा_बंडू, मंगळवार रात्री ९.०५

दादा, हे मान्य. माझी भूमिका थोडी बदलतो. मत असेल, टीका असेल, देव-धर्म-नेता-इतिहास, कितीही टोचलं तरी पुसू नये. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन भरलं, कुसुमाग्रजांचं नाव दिलेल्या नगरीत, आणि शेवटच्या दिवशी एका संपादक-लेखकावर शाई फेकली गेली. पुस्तक पटलं नाही तर उत्तर लिहायचं, शाई दौतीतून कागदावर यायला हवी. त्या बाबतीत मी एक इंचही हलणार नाही.

पण एका नावाच्या, चेहऱ्याच्या, उत्तर न देता येणाऱ्या माणसावर बिनपुराव्याचा गुन्हा लादला जात असेल, तर ॲडमिनने आधी तो काढावा आणि मग पुरावा मागावा. क्रम तोच हवा.

निवृत्त_मास्तर, मंगळवार रात्री ९.२०

अनुमोदन. बंडू, तू माझ्या वर्गात असतास तर तुला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

सिडकोचा_बंडू, मंगळवार रात्री ९.२२

मास्तर, मी शेवटच्या बाकावरूनच बरं ऐकतो.

ओझरची_लेक, मंगळवार रात्री ९.४०

थोडं विषयांतर. आमच्याकडे लहानपणी होळीला बोंब मारायची सूट असायची. सरपंचापासून सावकारापर्यंत सगळ्यांच्या नावाने बोंब. नाशिकला रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, कुणीही कुणाला ढकलतं, त्यातलंच ते. पण आजी बजावायची, विधवेच्या आणि वेड्याच्या दारापुढे बोंब मारायची नाही. का, ते तेव्हा कळलं नव्हतं. रानजाई आणि अंबडच्या ताईंचं बोलणं वाचताना आजी आठवली. सावकार दुसऱ्या दिवशी हिशोब चुकता करून घ्यायचा, ती दोघं काय करणार?

माझं कालचं मत मी मागे घेत नाही, वहिनींचा राग खराच होता. पण 'सापडल्या' एवढंच लिहून त्या थांबल्या, ते मला पचत नाही.

येवल्याचा_वाचक, मंगळवार रात्री १०.१०

ओझरच्या ताई, तुमच्या आजींना नमस्कार.

अजून एक आठवलं. काही समाजांत जातपंचायत फक्त एक वाक्य बोलायची, 'यांच्याशी कुणी बोलायचं नाही.' मारहाण नाही, शिवी नाही, एक वाक्य. त्याने लग्नं मोडली, मयताला खांदेकरी मिळाले नाहीत. जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम २०१३ मध्ये नाशिकमधूनच सुरू झाली. पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१६ चा, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. 'ही पंचायतीच्या मताची गळचेपी आहे' हा युक्तिवाद मला एक दिवसही पटला नाही. मावशींना 'उद्यापासून नको' असं पाच दारांत सांगितलं गेलं, ते वाचताना मला तीच आठवण झाली. पंचायत नव्हती, पण वाळीत तर टाकलंच ना?

लासलगावचा_कांदा, बुधवार सकाळी ६.३०

गोदाकाठ भाऊ, एवढं सगळं झालं. मावशींना कुणी भेटलं का?

अंबड_पहिली_पाळी, बुधवार दुपारी ४.०५

हेच विचारायला आले होते. नियम नंतर करा.

गोदाकाठ, गुरुवार रात्री ८.५०

दोन दिवस लिहिलं नाही, कारण लासलगावच्या दादांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज आहे.

मंगळवारी रात्रीच मी वहिनींकडे गेलो. आधी त्या चिडल्या, मग रडल्या. पाटल्या त्यांच्या आईच्या होत्या, ओझरच्या ताईंचा अंदाज बरोबर निघाला. बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं मावशींच्या घरी गेलो. दहा बाय बाराची खोली, भिंतीला खुंटीवर तोच डबा टांगलेला, ज्यातून त्या आमच्याकडे जेवण आणायच्या. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, चहा विचारला, आणि तो करायला उठल्या त्या बराच वेळ पाठमोऱ्याच उभ्या होत्या.

वहिनींनी माफी मागितली. मी म्हटलं, मावशी, ग्रुपवर काय लिहू ते तुम्ही सांगा, शब्द तुमचे, मी नुसता टाइप करतो. त्यांनी विचार करून सांगितलं, 'लिहा, की मी सोळा वर्षं या भागात काम करते. पाटल्या त्यांच्याच घरात होत्या. माझा फोटो सगळ्यांनी काढून टाका.' एवढंच. रागाचा एक शब्द नाही. मी तो तसाच्या तसा आमच्या ग्रुपवर टाकला, खाली वहिनींनी स्वतःच्या नावाने 'चूक माझी होती' असं लिहिलं, आणि शेजारच्या दोन्ही सोसायट्यांच्या ॲडमिनना पाठवून तिथेही टाकायला लावला. एकाने 'आता कशाला उकरता' म्हटलं. मी म्हटलं, तुमच्याकडे फोटो आला तेव्हा विचारलं होतं का कशाला? मग टाकला त्याने.

ग्रुपसाठी दोन ओळी ठरवल्या, त्याही बंडूच्या क्रमाने. बाहेरच्या माणसाचं नाव किंवा फोटो घालून आरोप आला तर तो लगेच काढायचा आणि पोलिसांत जायला सांगायचं. हिशोब, लिफ्ट, कमिटी यांवरचं काहीही काढायचं नाही, चेअरमनला कितीही लागलं तरी. अंबडच्या ताई, तुमच्यासारखं कुणी स्वतः सोसलेलं लिहिलं तर काय, यावर आमच्यात अजून एकमत नाही. मी म्हणतो ते राहू द्यायचं. रविवारी पुन्हा बसतोय.

काळा_कोट, गुरुवार रात्री ९.१५

मावशी परत येणार का कामाला?

गोदाकाठ, गुरुवार रात्री ९.३०

दोन घरांत येतील म्हणाल्या. वहिनींकडे नाही. निघताना दारात मला थांबवलं आणि म्हणाल्या, 'साहेब, फोनवर लिहिलंत ते बरं झालं. पण गेटवरच्या वॉचमनला सांगा. परवा रस्त्यात भेटला तर माझ्या पिशवीकडे बघत होता.'

अंबड_पहिली_पाळी, गुरुवार रात्री ९.३४

सांगितलंत?

गोदाकाठ, गुरुवार रात्री ९.३६

हो. आज सकाळी. त्याला मावशींचा निरोप मोबाईलवर वाचून दाखवला, कारण तोही ग्रुपमध्ये नाही.